नोंद आढळून येत नाही

माझ्या भावाच्या जन्माची कुठंही नोंद नाही, असं नगरपरिषदेनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, त्या दिवशी मी दर्यापूरच्या स्टँडवर मोठा ग्लासभर उसाचा रस पिऊन आनंद साजरा केला. त्या एका कागदासाठी मी अमरावतीहून पाच खेटे घातले होते, पाचही वेळा शाळेतली किरकोळ रजा टाकून. जन्म-मृत्यूचं टेबल सांभाळणारा माणूस भला होता. जुनी रजिस्टरं काढायचा, फडक्यानं पुसायचा, बोट फिरवत एकेक पान बघायचा आणि म्हणायचा, "मॅडम, ह्या सालात तं नाई. मांगचं-पुढचं साल पाहा लागते. पुढच्या सोमवारी या." नोंद नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण नाही ते नाही, असं कागदावर आल्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण मी सातवीच्या पोरींना दर वर्षी शिकवते. यंदापासून उदाहरणासह शिकवीन.

माझा स्वभाव आधीच घाबरट. घराला कुलूप लावून मी जिना उतरते आणि पुन्हा वर येऊन ते ओढून बघते. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढते. एक लागते, एक ती हरवली तर, आणि एक दुसरीही हरवली तर. घाबरट माणसं चिडकीही असतात, तशी मी आहे. शाळेत पोरी पाठीमागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणजे आता पन्नाशीला टेकलेला. दीड वर्षाचा असताना त्याला तापात झटके आले आणि त्याची समज तिथंच कुठंतरी थांबली. आई, चहा, बस, नाही, असे दहा-बारा शब्द त्याला येतात. त्याची दाढी आई करून देते. कागद दिसला की तो त्याच्या चार घड्या घालून खिशात ठेवतो, त्यामुळे माझी फाइल त्याच्यापासून लांब ठेवावी लागते. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. दर्यापूरच्या घरात आता आई आणि तो, दोघंच. आई पंच्याहत्तरीच्या पुढं गेली आहे.

त्याच्या आधार कार्डाचा घोर मला लागला तो गेल्या वर्षी. आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन अकोल्याला झालं. त्याला घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून तोही सोबत होता. मी औषधं आणायला खाली उतरले, आई गुंगीत होती, आणि हा चालता झाला. पुढचा सबंध दिवस मी कसा काढला ते आठवायचं नाही असं मी ठरवलंय, आणि तो रोज आठवतो. रेल्वे स्टेशन, बसस्टँड, धान्यबाजार, दिसेल त्या ऑटोवाल्याला मी मोबाइलमधला फोटो दाखवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निराधारांच्या एका निवाऱ्यात सापडला. कोणीतरी रस्त्यावरून उचलून त्याला तिथं सोडलं होतं. ओळीत बसून खिचडी खात होता. मला बघून "बस" म्हणाला, म्हणजे घरी चल.

तिथल्या बाईंनी मला विचारलं, "हे तुमचे भाऊ कशावरून?"

मी फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "ताई, फोटोत कोणीही कोणाजवळ उभं राहतं. ह्यांचं कार्ड दाखवा."

कार्ड नव्हतं. शाळेचा दाखला नव्हता, कारण तो शाळेत गेला नव्हता. मतदार यादीत नाव नव्हतं. रेशनकार्डावर वडील, आई आणि मी. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला सोडलं. पण रजिस्टरवर माझी सही घेता घेता त्या म्हणाल्या, "आज देते. पुन्हा असा सापडला आणि कार्ड नसलं, तर मला देता यायचं नाही. वरून त्यांना कुठं हलवतील ते माझ्या हातात नाही." बाईंची काहीच चूक नव्हती. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, वर ओरडले असते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट भुणभुणत राहिली. आई आहे तोवर ठीक. आई गेल्यावर हा माणूस कुठं हरवला, तर तो आमचा आहे याला माझ्या तोंडाशिवाय पुरावा नाही.

आधार कार्डाला जन्माचा दाखला हवा. जन्माच्या दाखल्याला आधी नोंद नसल्याचा दाखला हवा. मग शपथपत्र, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब, पंचनामा, आणि सगळ्यात शेवटी आईनं तहसील कचेरीत साहेबांपुढं उभं राहून सांगायचं, की हा माझा मुलगा, अमुक साली माझ्या घरी जन्मला. उशिरा केलेल्या जन्मनोंदींवर सध्या फार बारीक नजर आहे. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर फाइल परत, आणि वर संशय. म्हणून मी एकेक कागद तोलूनमापून जमवला. आईचा जबाब तेवढा राहिला, तेव्हा मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

तहसीलदार तरुण होते, वागायला मऊ. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग भावाकडं पेनानं दाखवून म्हणाले, "आजी, हा तुमचा मुलगा ना?"

आई म्हणाली, "नाई. शेजारचा हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्या हातातली फाइल घसरली आणि तीन-तीन झेरॉक्स फरशीवर पसरल्या. भाऊ लगेच खाली बसून एकेक कागद उचलून घडी घालायला लागला.

"तिला ऐकायला कमी येतं, साहेब," मी म्हणाले.

"मले चांगलं आयकू येते," आई म्हणाली.

साहेबांनी तिला पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. उत्तर तेच. मग ते माझ्याकडं वळले. आता आवाजातला मऊपणा गेला होता. "मॅडम, मी पंधरा दिवसांनंतरची तारीख देतो. त्या दिवशीही त्यांनी हेच सांगितलं तर प्रस्ताव नामंजूर होईल. आणि तुम्ही कोणाची नोंद कोणाच्या नावावर करायला निघालात, याची चौकशी मलाच लावावी लागेल."

कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं असतात. त्यांच्यासमोर, भर दुपारी, मी माझ्या आईवर ओरडले. आयुष्यभर पोरींवर ओरडून कमावलेला आवाज होता तो. अर्ज लिहिणारे मान वर करून बघायला लागले. आई शांतपणे भावाच्या खिशातून कागद काढून त्यांच्या घड्या मोडत होती.

"थो खालाचा हाय," ती म्हणाली. "तिले इचारल्याबिगर म्या कसं म्हनू माहा?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण जुनी गोष्ट म्हणून माहीत होतं. माझ्याआधी आईचे दोन मुलगे गेले, एक सहा दिवसांचा आणि एक वर्षाचा. मग मी झाले, मग हा. लेकरं दगावणाऱ्या घरात मुलगा झाला की त्याला विकून टाकायची रीत होती. बाळाला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचं. जिची सगळी लेकरं जगली आहेत अशा बाईनं यायचं, बाळंतिणीच्या पदरात पसाभर ज्वारी टाकायची आणि सूप उचलून न्यायचं. घटकाभरानं ती बाळ परत आणून देते, पण "हे माझं आहे, तू नुसतं सांभाळ" असं बजावून. जीव न्यायला येणारा घरातली लेकरं मोजत येतो म्हणे, आणि परक्याच्या लेकराला हात लावत नाही. आमच्या घरासमोर एक मुसलमान कुटुंब राहायचं, त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. त्या घरच्या बाईला आम्ही खाला म्हणायचो. सहा लेकरं, सहाही धडधाकट. तिनं माझ्या भावाला पसाभर ज्वारीवर घेतलं.

माझ्या आजीनं तेव्हा आणखी एक हुकूम सोडला होता. कचेरीत जाऊन याचा जन्म कोणी सांगायचा नाही. लिहिलं की सापडतं. म्हणून नगरपरिषदेच्या रजिस्टरात बोट फिरवून काही हाती लागणार नव्हतं. पुढं दीड वर्षाचा असताना तो झटक्यांतून वाचला, तेव्हा तर आईची खात्रीच पटली. असा विकलेला मुलगा लग्नाच्या आधी ज्वारी परत देऊन सोडवून आणतात. याचं लग्न झालं नाही, त्यामुळं सोडवायचं राहून गेलं. कोणी विचारलं, बाई, लेकरं किती, की आई म्हणायची, "एक पोट्टी हाय." ती पोरगी म्हणजे मी. खरं सांगायचं तर लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा.

खाला आता अकोल्याला नातवाजवळ राहते, जुन्या शहरात. तारखेला आठ दिवस उरले असताना एम. ए. बी. एड. झालेली मी, पदरात ज्वारी बांधलेली आई आणि खिडकीजवळ बसायला मिळालं म्हणून खूष झालेला भाऊ, असे आम्ही तिघं एसटीनं अकोल्याला गेलो. दर वर्षी मी पोरींकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेते. त्या दिवशी कोणी ओळखीचं भेटू नये अशी मी मनात प्रार्थना करत होते.

खाला खाटेवर बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. तिनं भावाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "मेरा बेटा आया क्या?" म्हणाली आणि हसली. मग आईला म्हणाली, "काहून आली व एवढ्या उन्हाची?"

आईनं सांगितलं. कार्डाचं, साहेबाचं, तारखेचं, सगळं. खालाचं हसू हळूहळू मावळलं. मला वाटलं होतं ती हे सगळं हसण्यावारी नेईल आणि आम्ही चहा पिऊन निघू. तसं झालं नाही. ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"तुले हे पटते?" तिनं मला विचारलं. "तू तं मास्तरीन हायेस."

"नाही पटत, खाला. पण साहेबाला कागद लागतो."

"मले बी पुरं पटत नाई," ती म्हणाली. "पन पन्नास बरस कुछ नहीं हुआ ना उसकू." मग आईकडं वळून, "मैं दे देती. मगर कल कुछ हुआ तो मेरेकू मत बोलना. आधीच सांगून ठेवतो."

आई म्हणाली, "नाई बोलनार."

आईनं पदराची गाठ सोडून ज्वारी तिच्या ओढणीत ओतली. खालानं तळहात भावाच्या पाठीवर ठेवला आणि त्याला आईच्या बाजूला हलकेच ढकललं. "जा बेटा. अपनी माँ के घर जा." त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "चहा." सगळ्यांना हसू आलं आणि खालाच्या नातसुनेनं चहा आणला. आम्ही निघेपर्यंत खालानं ती ज्वारी तशीच मांडीवर धरून ठेवली होती.

परतीच्या एसटीत माझी चिंता जरा निवळली होती. चिंता निवळली की डोकं भलतीकडं धावतं. मी हिशेब केला, तर त्या दोन गेलेल्या मुलांच्या पाठची मी. हा माझ्यानंतरचा. धोका पहिल्यांदा मला होता.

"आई," मी विचारलं, "मले काहून नाई इकलं?"

आई बाहेर कपाशीच्या वावरांकडं बघत होती. "तू पोट्टी होती," ती म्हणाली. "तुले कोन नेते?"

तिनं ते वाईट बुद्धीनं म्हटलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. चारचौघांत तिनं जिला बिनधास्त मोजलं ती मी, आणि मोजायला जीव धजला नाही तो हा. मला रडू आलं, रागही आला, आणि या वयात हे काय म्हणून स्वतःचीच लाजही वाटली. फाइल उघडून मी कागद पुन्हा एकदा क्रमानं लावले. ते क्रमानंच होते.

तारखेच्या दिवशी साहेबांनी या वेळी आईला आधी दुसराच प्रश्न विचारला. "आजी, तुम्हाला मुलं किती?"

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. "चार झाले," ती म्हणाली. "दोन गेले. दोन हायेत."

"आणि हा कोण?"

आई उठली. भावाजवळ गेली आणि आपल्या दोन्ही तळहातांनी त्याचे कान घट्ट झाकले. त्याला वाटलं खेळ आहे, तो हसायला लागला. मग साहेबांकडं बघून ती इतक्या हळू बोलली की त्यांना पुढं वाकावं लागलं.

"माहा हाय."

त्यांनी लिहून घेतलं. आईचा अंगठा घेतला. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि पाणी पिऊनही तिच्या तोंडची कोरड जाईना. मी तिला म्हटलं, "झालं, आई. सुटलो."

जन्माचा दाखला हातात आला. मग आधार केंद्र. तिथं त्याला फार मजा आली. यंत्रावर बोटं ठेवायची, यंत्रात डोळे घालायचे. नंतर पडताळणीला माणूस घरी येऊन गेला. मग काहीच नाही. मी रोज मोबाइलवर नंबर टाकून बघायची आणि रोज तेच उत्तर यायचं, की काम सुरू आहे. रात्री झोप लागेना. साडेचार महिन्यांनी पोस्टमननं पाकीट आणून दिलं. मी ते घेऊन दर्यापूरला गेले, आईपुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही.

"तूच ठेव," ती म्हणाली. "तूच लिवून घेतलं."

कार्डावर भावाचा फोटो छान आला होता. दाढी नीट केलेली, डोळे मोठे. मी त्याची एक प्रत त्याच्या शर्टाच्या खिशाला आतून शिवली, मूळ कार्ड माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि अमरावतीला येऊन दोन दिवस गाढ झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "त्याचं आंग तापून राहिलं," एवढंच म्हणाली.

साधा ताप होता. पाचव्या दिवशी तो चहा मागत उठून बसला. हे मला आज माहीत आहे, त्या दिवशी माहीत नव्हतं. गाडी करून मी त्यांना अमरावतीला आणलं, तेव्हा त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि हाताला चटका बसत होता. सबंध रस्ताभर आईनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, समजावलं असतं, विषाणू म्हणजे काय ते सांगितलं असतं. ती नुसती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आणि मी पुढच्या सीटवर बसून दोन हात घट्ट धरून विचार करत होते, की मी काय लिहून घेतलं. कोणाला पत्ता दिला.

दवाखान्यात त्याला स्ट्रेचरवर आत नेलं. मी केसपेपरच्या खिडकीशी उभी राहिले. आई माझ्या मागं येऊन थांबली.

"पेशंटचं आधार?" काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं.

मी पर्समधून कार्ड काढून दिलं. तिनं नंबर घातला, नाव घातलं, वय घातलं. कार्ड परत सरकवताना तिनं वर पाहिलं.

"तुमचे कोण लागतात?"

साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर कागदावर आणायला मी वर्ष घालवलं होतं. मुलगी की-बोर्डवर बोटं ठेवून वाट बघत होती.

"कोणी नाही," मी म्हणाले. "शेजारचा आहे."